हुतात्मा एकनाथ दाबके, राहणार पार्सिपनी

“एकनाथा, दान केलंस तर नाव पायरीवर घाल हो. भिंतीवर नको. भिंतीवरचं नाव लोक वाचतात नि पुढे जातात. पायरीवरच्या नावावर पाय पडतात. आल्यागेल्याच्या पायाची धूळ लागू दे आपल्या नावाला. तेवढं पुण्य पुरतं माणसाला.”

आईचं हे सांगणं अण्णांनी उभ्या जन्मात एकदाच पाळलं होतं, आणि तेही परमुलखात. त्याचं पुढे असं काही होईल, हे त्या माउलीच्या स्वप्नातही आलं नसतं.

“म्हणजे मी नक्की कधी गेलो?” अण्णांनी व्हॅनच्या मधल्या सीटवरून विचारलं.

“वेबसाइटवर डेट अननोन लिहिलंय, आजोबा,” अनिका मागून म्हणाली. ती फोनवरून मान वर करत नव्हती.

“आणि कुठे?”

“फार ईस्ट.”

“फार ईस्ट म्हणजे कुठे?”

“एडिसन असेल. अर्धा भारत तिथेच राहतो,” शंतनू म्हणाला.

अण्णांच्या मुलीने, आश्लेषाने, नवऱ्याला कोपर मारलं, पण ती स्वतःच हसत होती. गाडी चालवणारा तिचा भाऊ, अनिकाचा बाप राजीव, मात्र हसला नाही. त्याच्या शेजारी माई बसल्या होत्या आणि त्या पार्सिपनी सोडल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या.

तसं पाहिलं तर गोष्ट साधी होती. अमेरिकेतला पहिला हिवाळा दाबक्यांनी पीटर्स मिल नावाच्या लहानशा गावात, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत काढला होता. राजीवचा जन्म तिथला. ज्या पहाटे माईंच्या पोटात दुखू लागलं, त्या पहाटे चर्चच्या माणसांनी दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ फावड्यांनी उपसून वाट करून दिली होती. ते उपकार अण्णा विसरले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांना कळलं, की चर्चच्या आवारातल्या युद्धस्मारकाची पायरी दुभंगली आहे. त्यांनी नवी ग्रॅनाइटची पायरी बसवून दिली आणि गावाकडच्या रीतीने तिच्यावर नाव कोरून घेतलं. एकनाथ जी. दाबके. बस, एवढंच.

म्हातारे पास्टर गेले. ती गोष्ट ठाऊक असलेले बाकीचेही एकेक करून गेले. मग गावात हिस्टॉरिक कमिशन स्थापन झालं. त्यांनी स्मारकाची पाहणी केली, फोटो काढले आणि सगळं जसं आहे तसं राज्याच्या वारसा यादीत नेऊन बसवलं. त्या दगडावर नावं असतात ती लढाईत पडलेल्यांची. म्हणून पायरीवरचं नावही पडलेल्याचंच. तेव्हापासून दर मेमोरियल डेला पीटर्स मिल गाव अण्णांच्या नावाने घंटा वाजवत होतं, आणि अण्णा पार्सिपनीत गॅलरीत बसून चहा पीत होते.

काल सकाळी अनिकाला त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ सापडला. तिने तो सगळ्यांच्या देखत टीव्हीवर लावला. नेमका अधिक महिना. धोंड्याचं वाण घ्यायला मुलगी-जावई फ्रिस्कोहून विमानाने आलेले, आणि माई अनारशांना खसखस लावत बसलेल्या. पडद्यावर नाव पुकारलं गेलं, घंटा वाजली, आणि माईंच्या हातातला अनारसा तसाच कढईत पडला.

“यांचं नाव मेलेल्यांत वाचतात, तोवर मी जावयाच्या वाणावर दिवा ठेवायची नाही,” त्या म्हणाल्या. “आणि तोवर अन्नही नको मला.”

माई आवाज चढवून कधी बोलल्या नाहीत. त्यामुळे त्या जे बोलत, ते मोडायची कुणाची हिंमत होत नसे. कालपासून त्या नुसत्या पाण्यावर होत्या. जे वाण द्यायचं ते अनारशांचं तांब्याचं तबक फडक्यात बांधून शंतनूच्या मांडीवर होतं, आणि त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

“माई, एखादा फुटलेला असेल तर?” त्याने फडक्यावरून हळूच चाचपत विचारलं.

“शंतनूराव,” माई पुढे बघूनच म्हणाल्या.

“नाही नाही. सहज विचारलं.”

*

राजीवने मनात सगळी जुळवाजुळव केली होती. कार्यक्रमाआधी कमिशनच्या बाईंना भेटायचं, अण्णांना दाखवायचं, विषय संपवायचा. तो कंपनीत कंप्लायन्स, म्हणजे नियम पाळले जातात की नाही ते, बघत असे. चूक दाखवली की ती दुरुस्त होते, यावर त्याचा विश्वास होता.

मिसेस हॅलोरन गवतावर घडीच्या खुर्च्या मांडत होत्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात चष्म्याची साखळी. राजीवने अण्णांना दंडाला धरून पुढे केलं.

“हे माझे वडील. एकनाथ दाबके. हे जिवंत आहेत.”

मिसेस हॅलोरननी चष्मा लावून अण्णांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “अभिनंदन,” त्या म्हणाल्या.

“थँक यू,” अण्णा म्हणाले.

“यांचं नाव पायरीवरून काढायचंय.”

“ते नाही होणार. स्मारक प्रोटेक्टेड आहे. एक अक्षरसुद्धा घासता येत नाही.”

“अहो, पण हे हुतात्मा नाहीत! यांनी पायरी दान केली होती, फक्त पायरी!”

“तसा अर्ज करता येईल,” मिसेस हॅलोरन समजुतीने म्हणाल्या. “हुतात्म्याचे वारस अर्ज करू शकतात.”

“मी मुलगा आहे त्यांचा.”

“म्हणजे ते हुतात्मा आहेत, हे तुम्हाला मान्य आहे?”

“नाही!”

“मग तुम्ही वारस ठरत नाही.”

राजीवने वडिलांकडे बोट दाखवलं. “मग हे स्वतः अर्ज करतील.”

मिसेस हॅलोरननी चष्मा काढला. “दगडावरच्या माणसाने स्वतः अर्ज केल्याचं आमच्याकडे उदाहरण नाही,” त्या म्हणाल्या. “मला विचारावं लागेल.”

“कुणाला?”

“तेही विचारावं लागेल.”

“दादा, राहू दे ना,” आश्लेषा मराठीत म्हणाली. “किती गोड आहे हे! पूर्ण गाव अण्णांची आठवण काढतंय. आपल्या फ्रिस्कोतल्या कॉलनीत मला शेजारीण ओळखत नाही.”

“गोड? आई उपाशी आहे तिथे.”

“बाबा, हे स्टोलन व्हॅलर आहे, न केलेल्या पराक्रमाचा मान घेणं,” अनिका म्हणाली. “दॅट्स अ रिअल थिंग. लोक चिडतात यावर. आपण सॉरी म्हणायला पाहिजे, सगळ्यांसमोर.”

“कुणी कुणासमोर काही म्हणणार नाहीये! कार्यक्रम होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. कळलं?”

तेवढ्यात टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ आले. व्हिडिओतल्यासारखीच माणसं, व्हिडिओतल्यासारखेच लहान झेंडे. त्यांनी मिसेस हॅलोरनकडून ऐकलं होतं, की दाबक्यांचा मुलगा आला आहे. एवढंच ऐकलं होतं. त्यांनी राजीवचा हात दोन्ही हातांत घेतला, त्याच्या शर्टाला हुतात्म्यांच्या घरच्यांची जांभळी फीत लावली आणि म्हणाले, “तुझे वडील फार मोठा माणूस होते, मुला.”

राजीवने बाजूला उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. अण्णा नम्रपणे खाली बघत होते. चूक दुरुस्त करायची ती हीच वेळ. पण त्या गृहस्थांचे डोळे भरले होते. आणि खरं सांगायचं तर, वडील मोठा माणूस आहेत असं राजीवला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तो ताठ उभा राहिला.

“थँक यू, सर,” तो म्हणाला.

“वा,” अनिका पुटपुटली.

अण्णा मात्र स्मारकाकडे बघत होते. पायरीभोवती दगडात पितळी खुंट रोवून पांढरी साखळी लावली होती. शेजारी पाटी होती. कृपया या नावावर पाय देऊ नये.

“हे काय केलं यांनी,” अण्णा म्हणाले. “हिच्यावर पाय द्यायलाच तर बसवली होती मी.”

कुणी ऐकलं नाही. माईक किंचाळला आणि सगळे खुर्च्यांकडे वळले.

*

आश्लेषा आईच्या शेजारी बसली. माईंनी मोतिया रंगाचं पातळ नेसलं होतं आणि खाली चालण्याचे पांढरे बूट घातले होते. मांडीवर हात जोडलेले. ओठ हलत होते. जप चालला असणार, आश्लेषाने ओळखलं. लहानपणी आईच्या या हलत्या ओठांची तिला मैत्रिणींसमोर लाज वाटायची.

शाळेतल्या एका मुलीने ट्रम्पेट वाजवला. मग तरुण पास्टर नावं वाचू लागले. एक नाव, एक घंटा. दोन महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम. एकाच आडनावाचे दोघे भाऊ. प्रत्येक घंटेनंतर हवा जरा वेळ थरथरत राहायची. आपण गाडीत हसत होतो ते आता आश्लेषाला आठवेनासं झालं. पुढचं नाव कुणाचं हे तिला माहीत होतं. गोड वगैरे काही नव्हतं हे. घंटा तिच्या वडिलांसाठी वाजणार होती, आणि तिची आई ती ऐकणार होती. तिने माईंचा हात धरला. तो हात थंडगार होता.

“एकनाथ जी. दाबके,” पास्टर म्हणाले.

अण्णांचं पुढे जे झालं, त्यात त्यांचा दोष नव्हता. आयुष्यभर कुणी ना कुणी त्यांचं नाव पुकारत आलं होतं. शाळेत, कॉलेजात, व्हिसाच्या रांगेत, दवाखान्यात. दर वेळी ते लगेच उभे राहिले होते. नाव पुकारल्यावर बसून राहणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

ते ताडकन उभे राहिले.

“येस सर! प्रेझेंट!”

घंटेची दोरी धरलेल्या माणसाचा हात मध्येच थांबला. घंटा अर्धवट वाजली, खोकल्यासारखी. ट्रम्पेटवाल्या मुलीच्या हातून ट्रम्पेट गवतात पडला. पास्टरनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग अण्णांकडे, मग पुन्हा कागदाकडे.

“बसा, अण्णा, बसा,” राजीव दातांवर दात दाबून म्हणाला.

“अरे, पण त्यांनी नाव घेतलं.”

“माहितीये!”

“मग उत्तर नको द्यायला?”

पहिल्या रांगेत वॉकरला धरून बसलेली एक म्हातारी बाई सावकाश मागे वळली. तिच्या मांडीवर तांबड्या जिरेनियमची कुंडी होती. तिने अण्णांना निरखून पाहिलं.

“तू एकनाथ?”

“येस, मॅडम.”

“पायरीवरचा?”

“येस. सॉरी, मॅडम.”

“मी इतकी वर्षं तुझ्यासाठी जिरेनियम लावतेय,” ती म्हणाली. “आणि तू होतास कुठे?”

“पार्सिपनीत,” अण्णा म्हणाले.

शंतनूने तबकाच्या फडक्यात तोंड लपवलं. त्याचे खांदे हलत होते. पण ती बाई हसत नव्हती, रागावलीही नव्हती. तिचा चेहरा हळूहळू असा उजळत गेला, की आश्लेषाला बघवेना.

“विनी, तू ठीक आहेस ना?” पास्टरनी माईकवरूनच विचारलं.

“ठीक?” म्हातारी म्हणाली. “या दगडावरचा एक जण घरी आलाय, टिमोथी. मला जन्मात वाटलं नव्हतं, मी हे बघेन.”

*

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये कॉफी होती आणि दाबके कुटुंब पहिल्यांदाच एका बाजूला होतं. निदान पाच मिनिटं.

पास्टर टिमोथी फार शरमले होते. दगडावरचं नाव त्यांच्या हातात नव्हतं, पण वाचायची यादी त्यांचीच होती. पुढच्या वर्षीपासून हे नाव वाचणार नाही, असं त्यांनी माईंना स्वतः येऊन सांगितलं. माईंनी त्यांना वाकून नमस्कार केला. तेही गडबडून वाकले.

“मग पायरीवरचं नाव राहिलं तर चालेल ना, आई?” आश्लेषाने विचारलं.

“राहू दे. दगडावरचं नाव बोलत नाही.”

“पण ती साखळी?” अण्णा म्हणाले. “साखळी नको मला.”

“साखळीला हात लावता येणार नाही,” मिसेस हॅलोरन म्हणाल्या. “स्मारकाला जे जे काही जोडलेलं आहे...”

“एक मिनिट,” अनिका म्हणाली. तिने फोन समोर धरला. “यादीत टाकतानाचे फोटो तुमच्याच साइटवर आहेत. त्यात साखळी नाहीये. म्हणजे ती नंतर लावली. प्रोटेक्टेड दगडात होल पाडून. परमिशन घेतली होती?”

मिसेस हॅलोरनच्या गळ्यातली चष्म्याची साखळी जरा हलली. “खुंट मी स्वतः बसवले,” त्या म्हणाल्या. “आदर म्हणून.”

“मग अर्ज तुम्हालाच करावा लागेल.”

“पण माझा अर्ज माझ्याकडेच येणार.”

“तुम्हाला विचारावं लागेल,” राजीव गोड आवाजात म्हणाला. जांभळी फीत काढायचं तो अजून विसरला होता, किंवा विसरल्याचं दाखवत होता.

मग टेबलाभोवती सगळे एकदम बोलू लागले. साखळी काढली तर भोकं बुजवायची का, बुजवली तर तो बदल धरायचा का, आणि भोकं आता किती वर्षांची झाली. टोपीवाल्या गृहस्थांचं म्हणणं पडलं, की जिवंत माणसाच्या नावावर पाय द्यायला हरकत नसावी, पण त्याला आधी विचारावं. अण्णांना विचारण्यात आलं. अण्णा म्हणाले, “प्लीज.”

माई त्या गोंगाटातून उठून दाराशी गेल्या. तिथे विनी एकटीच बसली होती, कुंडी अजून मांडीवर. माईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

माईंचं इंग्रजी दुकानापुरतं आणि दवाखान्यापुरतं. पण विनी सावकाश बोलत होती, आणि म्हाताऱ्या बायकांना एकमेकींचं फारसं अडत नाही.

“तुम्हीच का?” माईंनी विचारलं. “माझ्या मिस्टरांसाठी फुलं?”

“मला वाटलं, त्याचं कुणी नाही,” विनी म्हणाली. “वर जागा असूनही त्याला खाली पायरीवर घातलं. म्हटलं, याच्यासाठी भांडायला कुणी आलं नसेल. मग मीच त्याला माझा म्हटलं. दर रविवारी यायचे. ऊन असो, बर्फ असो.”

माईंना दवाखाना आठवला. अण्णांची बायपास झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, यांच्यामागे कुणाची तरी मोठी पुण्याई उभी आहे. माईंनी मान खाली घातली होती, कारण ती पुण्याई आपल्या नेमांची, अशी त्यांची खात्री होती. सोमवार, प्रदोष, रोजची तुळस. आणि आता ही वॉकरवाली बाई त्या पुण्याईत भागीदार निघाली. क्षणभर त्यांना चक्क मत्सर वाटला. मग त्याची लाज वाटली. मग वाटलं, दुसऱ्याच्या माणसासाठी, ओळखदेख नसताना, कुणाला न सांगता केलेला नेम. आपल्याला जमला असता का तो?

“तुमच्यासाठी मी काय करू?” त्यांनी विचारलं.

“माझ्यासाठी? काही नको, डियर.”

“नाही. सांगा. मला लागेल काहीतरी करायला.”

विनीने कुंडीच्या कडेवरून बोट फिरवलं. “माझा भाऊ होता, अर्ल. कोरियाला गेला होता. तो परत आला. परत आलेल्यांची नावं दगडावर घालत नाहीत.” तिने एक सुकलेलं पान खुडलं. “आला, पण शेडमध्ये जाऊन बसायचा. दार लावून. मी दाराबाहेर ताट ठेवायचे. काही वर्षांनी तेही ठेवायची गरज उरली नाही.”

“तो इथेच आहे?”

“मागे, कुंपणाशी कबर आहे. स्मारकाभोवतीचं गवत कमिशनवाले कापतात, कारण ते यादीत आहे. मागचं यादीत नाही. जमीन सगळी उंचसखल झालीये, वॉकर जात नाही. दोन हिवाळे झाले, मी त्याच्याकडे गेले नाही. आणि पुढच्या आठवड्यात पुतण्या मला ओहायोला नेतोय.” तिने कुंडी जरा उचलून परत खाली ठेवली. “ही आज एकनाथसाठी आणली होती. एकनाथला आता तिची गरज नाही, देवाची कृपा.”

“मी जाईन,” माई म्हणाल्या.

“कुठे?”

“अर्लकडे. आज. आणि नंतरही. शब्द देते.”

विनीने माईंकडे पाहिलं.  कुंडी उचलून माईंच्या मांडीवर ठेवली.

टेबलाशी चर्चा आता भोकांच्या खोलीवर आली होती. अण्णा हातवारे करून ग्रॅनाइट कसा भरतात ते सांगत होते आणि मिसेस हॅलोरन लिहून घेत होत्या. शंतनूने तबक टेबलावर ठेवून फडक्याची गाठ सोडली होती. त्याने आशेने इकडेतिकडे बघितलं.

“माई, आता तर झालं ना सगळं? दिवा लावू या? इथे मेणबत्ती चालत नाही म्हणे, पण बॅटरीवाली आहे त्यांच्याकडे.”

“लावू हं, शंतनूराव. आलेच मी.”

“जेवला नाहीत तुम्ही कालपासून. कॉफी तरी...”

“आधी एक काम आहे.”

त्यांनी सिंकपाशी जाऊन कागदी पेल्यात पाणी भरून घेतलं. एका हातात पेला, दुसऱ्या हाताने कुंडी कमरेवर धरलेली. पायऱ्या चढून त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. स्मारक पुढच्या अंगाला होतं. तिकडे त्या वळल्या नाहीत.

मागे गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं आणि सकाळच्या दवाने अजून ओलं होतं. कुंपणाशी चारपाच बसके दगड दिसत होते, पण नावं इतक्या दुरून वाचता येत नव्हती. म्हणजे प्रत्येकापाशी जाऊन, वाकून बघावं लागणार. माईंनी पाण्याचा पेला कुंडीतल्या मातीत टेकवून उभा केला, मोकळ्या झालेल्या हाताने निऱ्या घोट्याच्या वर उचलून धरल्या, आणि पाय चाचपत पहिल्या दगडाकडे निघाल्या.